चिंचेवरनं पडले

चिंचेवरनं पडले ओ ताई, सात-आठ वर्षांची असंन तेव्हा — तवापासून लंगडते मी. मखमलाबादला कोणालाबी इचारा, कलाबाई चिंचेवरनं पडली, समद्यांना ठावं हाय. बसा, अजून टाइम हाय. आत आमची सून हाय, रूपाली, नातीला घेऊन परत गेलीय. चार महिन्यांची पोर, तिचा खुबा वाटीत बसत नाय. आता पाय फाकवून पट्टे बांधणारेत. बरं होतं म्हणे, लवकर सापडलं म्हणून. मग सून रडत का होती? पोरीपायी नाय ओ ती. डॉक्टरीणबाई बोलल्या, हे घराण्यातनं उतरतं, कोणाला हाय का आधी? झालं — आमचा कुंदन म्हणतो, आमच्यात कोणी नाय, हिच्या माहेरी बघा, कळवणला. अन् बाहेर येऊन तिला म्हणला, घे पोरगी अन् राहा तिकडंच.

मी? मी गप बसले. बसण्यात लय हुशार मी. मला बघायला आले, तर बापानं पाव्हणे यायच्या आधीच ओसरीवर बसवलं — पुढ्यात झेंडूचा ढीग, हातात सुई-दोरा. ते म्हणले, पोरीला जरा चालू द्या. बाप म्हणला, राहू द्या, मार्केटला गाडी जायचीय, हार व्हायचेत. कामाची पोरगी म्हणून पसंत केली त्यांनी. लग्नानंतर सासूनं चालताना बघितलं, तेव्हा बापानं चिंच काढली. चिंच कुठली ताई, आमच्या दारात कधी नव्हतीच. मी उभी राहिले तीच अशी. माझी मावशीबी अशीच चालायची.

म्हणून तर नात झाली तसा मला धाक. रोज न्हाऊ घातलं की मीच बांधायचे तिला, पाय सरळ जुळवून, दुपट्यात घट्ट. रूपाली म्हणायची, आई, रडतीय ती, सैल करा. मी अजून आवळायचे — माझ्यासारखं नको व्हायला. अन् आज डॉक्टरीणबाई सांगतात, असे सरळ आवळले की खुबा जास्त सरकतो. कोण बांधायचं, म्हणल्या. रूपालीनं माझ्याकडं बघितलं, अन् म्हणली, मीच.

सांगून टाकू म्हणता? चाळीस वर्षं झाली. मालक गेले, त्यांनाबी सांगितलं नाय. आता लेकाला सांगू, तुझी आई फसवून आली या घरात? उद्या मला जा म्हणला तर कुठं जाऊ — मला तर कळवणबी नाय. पण मघाशी मी बाहेर येताना डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायाकडं बघितलं ओ.

काय म्हणली ती नर्स? आजीला आत बोलवलंय? चालत या म्हणली?

कुंदन दाराशीच उभा हाय. तो बघतोय इकडं. नाय, हात नका देऊ ताई. तुम्ही जा, तुमचा नंबर आला असंन. मी बसते.