खुनी कोण, ते कुणी सांगितलंच नाही

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक शिंपी आणि त्याचा मेहुणा बसले होते. मेहुण्याचा गाल सुजलेला, तरी तोंडाला कुलूप नाही. मी काय कान पिशवीत ठेवू?

“दाजी, तो गाजलेला खुनाचा सिनेमा कसा होता?”

“फुसका! उगाच डोक्यावर घेतलाय लोकांनी.”

“खुनी आधीच कळला?”

“शेवटपर्यंत नाही कळला.”

“मग झकासच की!”

“तुझी ताई होती तेव्हा मध्यंतराआधीच कानात सांगायची. ‘याचं बटण दुसऱ्याच दोऱ्यानं शिवलंय, हाच खुनी.’”

“आणि तुम्ही खेकसायचात.”

“जन्मभर खेकसलो. परवा सवयीनं कान कलता केला, तर शेजारचा बाप्या अंग चोरून बसला.”

“पुढच्या वेळी मी येतो.”

“ये. खुनी नाही ओळखलास तरी चालेल. कानात बोल काहीतरी.”