तीन दिवसांची राखण

मंडळी, जरा देवापाशी पुढं सरका. मागं जागा नाही म्हणून नव्हे, आजचा प्रश्न लांबून ऐकण्याजोगा नाही म्हणून!

प्रश्न असा. ज्याच्यावाचून आपल्याला करमत नाही, त्या माणसाला धरून ठेवायचा आपल्याला हक्क आहे का? घाई करू नका. 'हो' म्हणालात तर फसाल. 'नाही' म्हणालात तर... घरी गेल्यावर फसाल!

तर ऐका. कोल्हापुरातली एक पेठ. पेठेत तालीम. कुस्तीचा आखाडा नावाला उरला, आता तालीम म्हणजे फुटबॉलचा संघ! नाव रणझुंजार तालीम मंडळ. आणि गेल्या हंगामात रणझुंजार कितवा आला? सोळा संघांत पंधरावा! तुम्ही म्हणाल, चला, खाली एक तरी राहिला. अहो, तो सोळावा जो एकच सामना जिंकला, तो आपल्याशीच!

हसा, हसा. पण तो हंगाम असा का गेला, ते ऐका. बळवंतअण्णा अतिग्रे, सव्वीस वर्षं या संघाचे प्रशिक्षक. एप्रिलात, चार सामने बाकी असताना, अण्णा गेले. बायको आधीच गेलेली. घरात उरली एकटी मुलगी, वैजयंता. वय त्रेचाळीस, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी. वाचलेलं भरपूर, बोलणं मोजकं. रोज संध्याकाळी अण्णा सरावावरून यायचे, पाय धुवायचे आणि विचारायचे, "वैजू, गेल्या सामन्यात कोण पळालं नाही गं?" ती प्रत्येक सामना बघायची. तिला बरोबर ठाऊक असायचं!

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. मग तो प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. पुस्तक उघडावं, एकच पान तीनदा वाचावं, मिटावं. असे दिवस.

आणि तिथं येऊ लागला सयाजी.

सयाजी जरग, संघाचा गोलकीपर. वय अडतीस. सतरा वर्षं अण्णांच्या हाताखाली. अण्णांना खांदा दिला तो यानंच. रोज संध्याकाळी साडेसहाला यायचा, सोप्यावर बसायचा आणि अण्णांची नक्कल करायचा. हुबेहूब! तो घोगरा आवाज, ती मध्येच येणारी खोकल्याची उबळ. "अरं ए, चेंडू हाय त्यो, पाव्हणा न्हवं! मागं सरून वाट काय देतोस?" वैजयंता हसायची. हसता हसता पदर डोळ्याला लावायची. अर्धा तास, मंडळी, फक्त अर्धा तास त्या घरात अण्णांचा आवाज असायचा. उरलेले साडेतेवीस तास ती त्या अर्ध्या तासाची वाट बघायची.

आता संघाकडं वळू. हंगाम संपला, आणि गळती लागली! कोण गेलं? आघाडीचे दोघे पलीकडच्या पेठेत. मधल्या फळीतला सूर्याजी पुण्याला नोकरीवर. दोघांची लग्नं झाली, तेही गेलेच म्हणायचे! एकूण अकरा जण बाहेर. कोण आलं? गडहिंग्लजचे दोन चपळ गडी, बचावाला घानाचा सहा फुटी क्वामे, आणि गोव्याचा गोलकीपर सॅव्हियो. उडी वाघासारखी, पण दोन्ही वेळेला मासा पाहिजे! तालमीचे अध्यक्ष हिंदुरावतात्या बोंद्रे रोज पहाटे मासळीबाजारात. माळकरी माणूस हो! नाकाला उपरणं लावून सुरमईचा भाव करतोय. संघ उभा करायचा म्हणजे असं असतं.

यादी वीस जणांची. त्यात गोलकीपर दोन. एक सॅव्हियो ठरला. दुसरा कोण? पेठेतलाच चोवीस वर्षांचा उमेश, की सयाजी? गेल्या हंगामात सयाजीनं एकतीस गोल खाल्ले होते. त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता. सगळ्यांना दिसत होतं, बोलायचं कुणी? तात्या दोन माणसं घेऊन अतिग्र्यांच्या घरी आले.

"वैजूताई, अण्णांच्या मागं खेळाडूची पारख तुम्हालाच. तुम्ही म्हणाल त्यो दुसरा."

तिनं क्षणसुद्धा लावला नाही. "सयाजी."

तात्यांनी टोपी काढली, परत घातली. "न्हाई, म्हणजे... बघा. त्यात वाघजाई तालमीनं त्याला बोलावणं धाडलंय. गोलकीपरांचा प्रशिक्षक म्हणून. त्यांचे चारी वयोगट त्याच्या हाताखाली. आपल्याकडं सही झाली, तर वर्षभर त्याला तिकडं जाता यायचं न्हाई."

"मग त्याला राखायला हवं," वैजयंता म्हणाली. "माझ्या घरी राखा."

आता राखण म्हणजे काय, ते बाहेरगावच्यांसाठी सांगतो. नोंदणीच्या कचेरीत खेळाडूनं स्वतः सही केली की तो वर्षभर आपला. पण सही होईपर्यंत? तोवर तो कुणाचाही! दुसरी पेठ येते, गोड बोलते, गाडीत घालून नेते. म्हणून आधीचे तीन दिवस खेळाडूला भरवशाच्या घरी ठेवायचं. आत पाहुणचार, बाहेरून कडी! जावयाची असते तशी बडदास्त, आणि जावई पळू नये अशी व्यवस्था. अतिग्र्यांचं घर सव्वीस वर्षं राखणीचं घर. वैजयंता कॉलेजात शिकत होती तेव्हापासून खेळाडूंना वाढत आलेली.

दिवाळीनंतर सयाजी पिशवी घेऊन आला. सोबत सॅव्हियो. बाहेरून कडी लागली.

पहिला दिवस कसा गेला? सणासारखा! तिनं रजा टाकली. तांबडा केला, पांढरा केला, गोवेकरासाठी बांगडा तळला. जेवताना सयाजीनं अण्णा काढले, "वैजू, ह्यो गोव्याचा गडी काटं मोजून जेवतोय, गोल मोजील का?" आणि तिला वाटलं, असंच वर्ष जाऊ दे. पुढचंही जाऊ दे.

खरं सांगा, तुम्हाला नसतं वाटलं?

दुसऱ्या दिवशी ती दोन तास ग्रंथालयात जाऊन आली. स्वतःच्याच घराची बाहेरची कडी काढायला हात लावला आणि थांबली. परसातून आवाज येत होता. सयाजीचाच. पण हा आवाज तिनं एप्रिलपासून ऐकला नव्हता.

"हात नंतर, सॅव्हियो. आधी पाय. चेंडू कुठं येणार ते पायाला कळाय पायजे. हां! आता बघ. परत. शाब्बास रे भावा!"

मऊ आवाज. घाई नसलेला. शिकवण्यात रमलेल्या माणसाचा.

मग सॅव्हियो म्हणाला, "सर, गुडघो दुखता मरे तुमचो. यंदा खेळतले कसे?"

"खेळायचं. ताईंनी ठेवलंय न्हवं का."

"आनी गुडघ्याक?"

"गुडघ्याला कोण इचारतंय!" आणि सयाजी हसला.

वैजयंता बाहेर उभी. वाचलेलं पुष्कळ होतं हो तिनं. माणसं माणसांना कशी बांधून घालतात, यावर कपाटभर पुस्तकं तिच्या हाताखालून गेली होती. त्या घटकेला एकही कामाला आलं नाही. तिला फक्त एवढं समजलं, की सहा महिने हा माणूस तिच्यासमोर बसून दुसऱ्याच्या आवाजात बोलतोय, आणि याला स्वतःचा आवाज आहे हे ती विसरलीय.

जेवायला बसले. सयाजीनं घसा खाकरला. अण्णा येणार!

"नको, सयाजी," ती म्हणाली. "तुझं तू बोल."

त्यानं भाकरी मोडली.

"वाघजाईकडं जायचंय तुला?"

"तसं न्हाई, ताई..."

"सयाजी."

त्यानं घास ताटात ठेवला. "जायचंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? अण्णांनी दवाखान्यातच सांगितलं हुतं मला. 'सयाजी, यंदा बूट काढ. तुझ्या हातात शिकवणं हाय, तिकडं जा.' पण मी आलो की तुम्हाला बरं वाटायचं. म्हटलं, एक हंगाम."

ऐका मंडळी, हे नीट ऐका! तिला वाटत होतं, आपण याला राखतोय. आणि तोच तिला राखत होता. गुडघा सुजवून! दोघांनी एकमेकांवर माया करायची म्हणून एकमेकांना कोंडून घेतलं होतं, आणि 'जा' म्हणून सांगून गेलेल्या माणसाचीच दोघं मिळून नक्कल चालवत होती!

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं दार सताड उघडलं. सयाजीची पिशवी स्वतः उचलली. भर पेठेतून, अकराच्या उन्हात, त्याला घेऊन वाघजाई तालमीकडं निघाली. राखलेला खेळाडू घरच्या बाईनं स्वतःहून दुसऱ्या पेठेला नेऊन पोचवायचा! पेठेत असं कधी घडलं नव्हतं. पानपट्टीवरून कुणीतरी ओरडलं, "अण्णांच्या घरात फितुरी व्हय!" तात्या धावत आले, एक चप्पल पायात, एक हातात.

"अहो ताई! यादीत नाव हाय त्याचं!"

"ते काढा. उमेशचं घाला. त्याचे पाय चांगले आहेत, गर्दीत घाबरतो. सॅव्हियोजवळ सराव करू दे."

"आणि लोकांना काय सांगू?"

"सांगा, पारख मला होती. मी मुद्दाम चुकले होते."

तात्यांनी हातातली चप्पल पायात घातली. मग त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि वाघजाईच्या दारापर्यंत स्वतः चालत गेले.

आता विचाराल, हंगाम कसा चाललाय? पहिला सामना वाघजाईशीच. दोन-शून्यानं हरलो! त्यांच्या गोलकीपरनं आपले तीन चेंडू असे अडवले, की आपल्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा बरोबरीत. तिसरा जिंकलो. जाणकार म्हणतात, क्वामे टिकला, गडहिंग्लजकरांचं जमलं, तर यंदा आठवे-नववे येऊ. नवा संघ आहे, त्याला दोन वर्षं द्या. पाचवे आलो, तर पेढे मी वाटीन!

आणि वैजयंता? सयाजी आता येत नाही. साडेसहाला त्याची पोरं सरावाला असतात. महिन्यातून एकदा येतो, घाईत असतो, आनंदात असतो. तिला करमतं का? नाही करमत, मंडळी. देवाच्या दारात उभं राहून मी खोटं का सांगू? संध्याकाळ मोठी असते. अण्णांचा आवाज कधी आठवतो, कधी कितीही केलं तरी आठवत नाही. पण ती मैदानावर जाते, एकटी बसते, आणि कोण पळालं नाही ते बघते.

आता माझं गाऱ्हाणं तुमच्याकडं. तुमच्या घरात बघा. एखादी मुलगी तुमच्यासाठी परगावचं शिक्षण सोडून बसलीय का? एखादा भाऊ, एखादी सून, तुम्हाला बरं वाटावं म्हणून तुम्हाला आवडेल तेवढंच बोलते का? आज घरी गेल्यावर त्या माणसाशेजारी बसा आणि विचारा, "तुला कुठं जायचंय?" पहिल्यांदा ते म्हणेल, "कुठं नाही." उठू नका! बसून राहा. दुसरं उत्तर यायला वेळ लागतो.

देवापुढं हात जोडा आणि एवढंच मागा: निघालेल्याला वाट दे, आणि मागं राहिलेल्याला, देवा, तू सोबत कर.