पाटीवरचं बाविसावं नाव

ऐका रं! आन त्या कोपऱ्यातल्यांनी खुसुखुसु बंद करा, न्हाईतर घरला हाकलीन.

आपल्या गावावरनं हायवे जातो ना, त्याला 'जवान मार्ग' नाव पडलं, त्याच्या आदल्या रातीची गोष्ट. सकाळी पाटी लावायची व्हती. लढाई केलेल्या आपल्या एकवीस गड्यांची नावं तिच्यावर. यादी केली सुभेदार तात्याबा निकमानं, आन तालुक्यावरनं पाटी आणायलाबी त्योच गेला. पेंटरनं केला उशीर. अंधार पडला. सायकलच्या क्यारेजला पाटी बांधली आन गडी निघाला. हायवेनं यावं का न्हाई? न्हाई! जवळची म्हनून खिंडीची वाट धरली. आगाव!

खिंडीत नांदुर्कीचं झाड हाय. त्ये मागं टाकलं. जरा पुढं गेला, तर पुन्ना नांदुर्की! जोरात पायडल मारलं. पुन्ना नांदुर्की! चकवा, दुसरं काय?

मागनं हाक आली. "सुभेदार!" तात्याबा गप. तिसऱ्या हाकंबगार ओ द्यायची न्हाई, ठावं हाय ना? "सुभेदार!" गप. मागं बुटांचा आवाज, थाड, थाड! मग सायकल जड झाली. क्यारेजवर कोन तरी बसलं! घाबरून ब्रेक दाबला, बघतो तर म्होरलं चाक कड्याच्या बाहीर! खाली नुसता काळोख!

कानापाशी आवाज आला, "माझं नाव कुठाय?"

तात्याबानं आवाज वळखला. ईश्वरा जगदाळे! पासष्टच्या लढाईत दोघं एका खंदकात व्हते. ईश्वरा माघारी आलाच न्हाई. प्रेत न्हाई, तार न्हाई. जित्यात न्हाई, मेल्यात न्हाई. कागद न्हाई म्हनून तात्याबानं नाव गाळलं व्हतं. सोबत्याचं!

"चुकलो, गड्या!" तात्याबानं चंची काढली. चुन्याच्या डबीत बोट बुडवलं आन पाटीवर खाली लिवलं, ईश्वरा जगदाळे. कडक सलाम ठोकला.

सायकल हलकी झाली! बूट म्होरं वाजाय लागले. थाड, थाड. तात्याबा त्या आवाजामागं. थेट हायवेवर!

सकाळी हलगी, गुलाल, सगळा गाव. पाटी लावायला आलेला तालुक्याचा साहेब म्हनला, "तो चुना पुसून घ्या."

तात्याबा खवळला. "हात लावून दावा! गडी रातभर चालत आलाय!"

साहेबानं सोहळ्याला आलेल्या पेंटरला खूण केली. तिथंच त्यानं चुन्यावरनं पिवळा रंग मारला. हलगी अशी कडाडली म्हनता!

तवा खिंडीच्या वाटंला जाऊ नगा. चकवा गेला, पर कडा हाय तिथंच. हायवेनं या. आन पाटी आली का हात कपाळाला गेला पायजे. न्हाई गेला तर भूत काय करायचं न्हाई, गाठ माझ्याशी हाय!