कोंडाबाईचा अंगठा

नांदेडहून उदगीरला निघालेल्या एसटीत सौदामिनीबाईंच्या पुढच्या बाकावर साहेबराव आणि त्यांची लेक महामाया बसले होते. कॉलेजच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटाची किल्ली सांभाळण्यात बाईंची तीस वर्षं गेलेली. ‘प्रबंध’ हा शब्द कानी पडला आणि त्यांचं पेंगणं थांबलं.

“तुझा प्रबंध लायब्ररीत लागला म्हणलीस, महामाया. म्हून इस्त्रीचे कपडे घालून आलो. आन् तू दाखवलाच न्हाई.”

“बाबा, त्यो विद्यापीठाच्या साइटवर चढलाय. हे बघा, मोबाइलात.”

“ह्याला कार्ड लागत आसंल?”

“न्हाई.”

“मोठ्या साहेबाची सही?”

“कुणाचीच न्हाई. कुणीबी, कुठूनबी उघडावं. आजीचं नाव टाकलं तरी निघतोय.”

“मायच्या भीमाच्या ओव्या हायत का समद्या?”

“समद्या. आन् ओव्या छापायला आजीनं मंजुरी दिली होती ना, त्यो कागदबी हाय शेवटी. अंगठ्यासकट.”

“थांब, मोठा कर... आगं, ही चीर बघ! ज्वारी काढताना विळा लागला होता. मायचाच हाय की!”

“मग कुणाचा आसंल, बाबा?”

“तिचा अंगठा लई कागदांवर पाहिला म्या. तिच्या सोताच्या बोलण्याखाली आजच पाहिला.”

सौदामिनीबाईंनी चष्मा लावला, पर्समधून मोबाइल काढला आणि पुढं वाकल्या.

“बाळा, काय नाव टाकून शोधू?”

महामायानं तोंड उघडायच्या आत साहेबराव वळले.

“कोंडाबाई टाका, ताई.”