घरचं उदाहरण

नूतन: ...अन् त्या एका उदाहरणात तुले काय काय भेटलं, तेबी ऐक. मोबाइलमधी डोकं घातलेले पोरं वर पाहू लागले. अभिनव सर किती मोकळं बोलतात, म्हणून क्लासभर नाव झालं. बहीण तर घरचीच, फुकटातली.

अभिनव: ताई, तुझं नाव नाई घेतलं मी.

नूतन: 'माय सिस्टर' म्हटलं ना? तुले बहिणी किती आहेत बे?

(दुर्गजवळच्या वैशाली नगरातलं स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत वडील पंजाबरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला आहे. घरात भांडण लागलं की हे एक काम ते न चुकता करतात.)

अभिनव: इडियम होती ती. 'टर्न अ ब्लाइंड आय', म्हणजे दिसूनबी न पाहिल्यासारखं करणं. नुसता अर्थ सांगितला तर पोरं दुसऱ्या दिवशी विसरतात. घरचं उदाहरण दिलं की पक्कं बसते. पद्धतच आहे माझी.

नूतन: मालूम आहे तुझी पद्धत. बाबाची स्कूटर तुझा 'व्हाइट एलिफंट'. पोसाले महाग, कामाले शून्य. घरचे मळके कपडे चौकात धुवाचं, त्यालेबी असंन काही तुमच्यात.

अभिनव: 'डर्टी लिनन'. मागच्या हप्त्यात झाला.

नूतन: त्याले कोण होतं?

अभिनव: चंदाकाकू.

वच्छला: इंग्रजीतच बोलला ना वं तो. कोणाले समजते तेवढं?

नूतन: आई, समजावं म्हणूनच तर फी भरतात ते. कावून झाकून राहिली त्याले? राजदीपची बहीण खुशबू, माझी होणारी नणंद, दुसऱ्याच बाकावर बसते. दुपारी तिचा फोन आला. "भाभी, सर ने बताया, दीदी के हाथ के निशान पूरे घर ने देखे, फिर भी वापस ससुराल भेज दिया. वो आप हो क्या?"

वच्छला: राजदीपले तर तूच सांगितलं होतं सारं.

नूतन: राजदीपले सांगितलं. त्याच्या आईले रविवारी विहारात सांगणार होती, माझ्या तोंडानं. त्याच्या आधी लेकीनं सांगितलं. आता सोयरीक नाई म्हणतात.

अभिनव: तू पहिल्या नवऱ्याले सोडून आली म्हणून?

नूतन: माझ्यावर रागच नाई त्यायचा. म्हणतात, पोरगी चांगली आहे, पण जे घर पोरीचे डाग पाहून गप बसलं, त्या घरात माझा पोरगा जावई म्हणून जाणार नाई.

वच्छला: अन् राजदीप?

नूतन: फोन उचलून नाई राहिला.

अभिनव: मी जातो दुर्गले त्यायच्या घरी. माफी मागतो.

नूतन: कोणत्या भाषेत?

अभिनव: ताई, खोटं तर नाई बोललो ना मी.

नूतन: खोटं बोलला असता तर दोन शिव्या देऊन चहा पेली असती मी. खरं बोलला, तेच तर दुखून राहिलं. इतकी वर्षं झाली, या घरात ते वाक्य कोणाच्या तोंडून निघालं नाई. माझ्यासमोर, मराठीत, एक डाव म्हटलं असतं, 'ताई, आमाले दिसत होतं,' तर मी उभ्या जन्मात नाव नसतं काढलं. तुले तोंड फुटलं तेबी कुठं? जुनवानीच्या क्लासात, परक्या पोरायपुढं, फळ्यावर लिहून.

वच्छला: हळू बोल पोरी. बाबा ऐकतीन.

नूतन: ऐकू दे की. त्यायचंच उदाहरण आहे.

अभिनव: बारावीत होतो मी तवा.

नूतन: तवाचं नाई विचारून राहिली. त्याच्यानंतर तू मोठा झाला ना? मास्तर झाला. मग?

अभिनव: समजत नव्हतं, कसं बोलाचं ते.

नूतन: क्लासमधी बरं समजलं.

वच्छला: बस कर आता. साऱ्यायले एका काठीनं हाकू नको. तुले गोंदियाले सासरी परत पाठवली तवा मी का खुशीनं पाठवली? रातभर रडली मी.

नूतन: हो आई, रडली तू. गोंदियाच्या गाडीत मी बसली.