कॉर्कच्या व्याह्यांचं उपरणं

...आणि वर मलाच विचारतात, "तू ताईला आधी का नाही सांगितलंस?" अहो, आधी म्हणजे कधी? तुम्हाला सांगतो, आमच्या ताईच्या बाबतीत 'आधी' असं काही नसतंच, तुम्ही 'हॅलो' म्हणेपर्यंत तिची खरेदी उरकलेली असते! मुलीचा साखरपुडा ठरला ही बातमी मी इकडे जर्मनीतून, बॉबलिंगेनहून पुण्याला फोनवर दिली शनिवारी, आणि सोमवारी ताईचा मेसेज, "उपरणी विणायला टाकली." कोणाची उपरणी? कशाला उपरणी? मुलगा आयरिश आहे हो, कॉर्कचा! त्याच्या सात पिढ्यांत कोणी उपरणं बघितलेलं नाही! पण ताई म्हणजे शैलाताई, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, निवृत्त मुख्याध्यापिका. ती विचारत नाही, कळवते. माझं काही म्हणणं नाही.

फोन केला तर म्हणते, "व्याह्यांना आहेर नको? नुसता हात हलवून पाठवायचं? आणि ऐक, आहेर केला की तो तिथल्या तिथे अंगावर घ्यायचा असतो. घेतला नाही तर मान घेतला नाही." बरं, इथपर्यंत ठीक आहे, पांढरं उपरणं, जरीचा काठ, कोणाला काय त्रास? पण नाही! बाईंनी इंटरनेटवर आयर्लंडचा झेंडा बघितला. "अरे शिरीष, हिरवा, पांढरा, केशरी! हे तर आपलेच रंग, फक्त उभे केलेत!" आणि दिली की ऑर्डर... एक टोक हिरवं, मधे पांढरं, दुसरं टोक केशरी, म्हणजे गळ्यात घातलं की एका बाजूला हिरवा लोंबणार, दुसऱ्या बाजूला केशरी, मानेमागे पांढरा. चालताबोलता झेंडा! सहा नग!

त्यात तो विणकर भला माणूस. तो म्हणाला, "बाई, मधलं चक्र राहिलं बघा, मी काढून देतो." ताईनं त्याला फोनवर असा झापला म्हणता... "खबरदार! चक्र काढलं की तो राष्ट्रध्वज झाला, तो उपरण्यावर चालत नाही! मी तीस वर्षं झेंडावंदन केलंय!" केलंय हो. तिच्या शाळेत झेंडा उलटा बांधला म्हणून शिपायाला दिवसभर खांबापाशी बसवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. झेंड्याच्या बाबतीत ताईला कोणी शिकवायचं नाही.

आता इकडची बाजू ऐका. आमची तनया जन्मली जर्मनीतच, वाढली इथे, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. तिला सांगितलं तर ती टेबलावरून उठलीच. "पापा, काइने फाने! बिट्टे!" म्हणजे झेंडा नको, हात जोडते. "का गं?" तर ती कॉर्मॅकलाच घेऊन आली. कॉर्मॅक म्हणजे जावई, होणारा. चांगला मुलगा आहे, चहात दूध घालतो, संध्यानं म्हणजे आमच्या हिनं त्याच कपावर होकार देऊन टाकला होता. तर हा कॉर्मॅक आमच्या स्वयंपाकघरात बसला, कान लाल, आणि मला समजावतोय... "काका, त्याचं काय आहे, आमच्याकडे झेंडा अंगावर कोणी घालत नाही." म्हटलं, टीव्हीवर तर अख्खं स्टेडियम हिरवं दिसतं! "हां, मॅचला चालतं. मॅचला गालावर पण रंगवतात. सेंट पॅट्रिकच्या दिवशी लहान मुलांना चालतं. एरवी कोणी झेंडा घालून रस्त्यात दिसला, तर तो एक तर टूरिस्ट, ज्याच्या खापरपणजोबांनी आयर्लंड सोडलं असा, नाही तर पबमध्ये भांडायला निघालेला." आणि तुझे वडील? "बाबा तर मॅचलासुद्धा साधा कोट घालतात. ते म्हणतात, मी आयरिश आहे हे मला माहिती आहे, कोटाला कशाला सांगू?"

म्हटलं, म्हणजे कधीच नाही? तर जरा विचार करून म्हणतो, "एक आहे. परदेशात गेलो की सॅकवर एवढासा बिल्ला लावतो. लोकांनी इंग्लिश समजू नये म्हणून. तेवढ्यापुरता."

आता तुम्हीच सांगा, काय लोक असतात एकेक! आपल्याकडे झेंडा कमरेखाली नको, उशीवर नको, रुमालावर नको, पण पंधरा ऑगस्टला छातीवर टाचणीनं लावला नाही तर शिक्षा. यांच्याकडे लावला तर लाज. आणि आमचे जर्मन? त्यांची आणखी तिसरी तऱ्हा! फुटबॉलची मोठी स्पर्धा असली की शेजारच्या बाल्कनीत झेंडा, गाडीच्या आरशांना झेंड्याचे मोजे, आणि हरले की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घडी घालून तळघरात, जणू काही झालंच नाही. मी बावीस वर्षं या गावात, सहा वर्षं झाली खिशात जर्मन पासपोर्ट आहे, आणि अंगावर करड्या रंगाचा शर्ट. करड्याला कोणी काही विचारत नाही. माझं काही म्हणणं नाही.

पण तनयानं जाताना मराठीत सांगितलं. मराठीत! म्हणजे बघा किती गंभीर. "बाबा, कॉर्मॅकचे बाबा पहिल्यांदा येतायत. एका दिवसाचाच प्रश्न आहे. मला लाज आणू नका."

हिला विचारलं, काय करू? ही म्हणाली, "अहो, तुम्ही बोला ना ताईंशी." बोलायला निघालो तर म्हणाली, "अहो, तुम्ही उगाच मधे पडू नका." दोन्ही एकाच दमात! ताईला फोन लावला तर ती विमानतळावर. आली. घरात पाऊल टाकलं, चप्पल काढली आणि हातातली पिशवी उघडली. हातातली बरं का, मोठ्या बॅगेत नव्हती ठेवली, हरवतील म्हणून. गुडघा एवढा सुजलेला, तरी अख्खा प्रवास मांडीवर घेऊन बसली होती. पातळ कागदात सहा घड्या. "बघ, काठ बघ. फिंटनरावांना शोभेल ना?" फिंटनराव म्हणजे व्याही. मी तोंड उघडलं... आणि म्हणालो, "छान आहे काठ." काय करू? तुम्ही असतात तर तुम्ही सांगितलं असतंत? मला नाही बुवा जमलं, मला तिची दया आली, माया आली, काय म्हणायचं ते म्हणा. म्हणजे आता अंगावर घेतलं तर मुलीची लाज, नाही घेतलं तर बहिणीचा अपमान. आल्झो, म्हणजे थोडक्यात काय, सुटायला जागाच नाही.

साखरपुडा बागवाल्यांच्या क्लबच्या हॉलमध्ये. दुपारी चार. व्याही आणि विहीणबाई आदल्या दिवशीच आले, गाडीनं. कॉर्कहून! बोटीवर गाडी चढवून फ्रान्स, तिथून चालवत बॉबलिंगेन. का? तर फिंटनरावांचा म्हणे दुसऱ्याच्या चालवण्यावर विश्वास नाही, वैमानिकाच्यासुद्धा. निवृत्त पोस्टमन, साडेसहा फूट उंच, साधा तपकिरी कोट, आणि बोलणं एवढंच... "ग्रँड." आमच्या घरी झोप लागली का? "ग्रँड." समोसा तिखट लागला का? डोळ्यांतून पाणी, पण "ग्रँड." त्यांच्याकडे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे हो, ग्रँड म्हणजे 'असू दे'. मला तर माणूस एकदम आपला वाटला.

अंगठ्या झाल्या, पेढे झाले, आणि ताई उठली. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि उपरणं दोन्ही हातांनी पुढे केलं. तनयानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. फिंटनरावांना दिसले की रंग! कपाळावर कुंकू, खाली ते रंग, आणि माणूस दोन सेकंद थांबला. मग घेतलं, मान वाकवली, "तुम्ही एवढं कशाला करायचं" म्हणाले, "लव्हली" म्हणाले, "ग्रँड" म्हणाले... आणि घडी न मोडता मांडीवर ठेवून बसले. विहीणबाईंनी तसंच. कॉर्मॅकनं तसंच. तिघं ओळीत, तीन घड्या मांडीवर, आणि वर तिघांचे हात, रंग दिसू नयेत म्हणून. सभ्य माणसं हो, कोण नाही म्हणतंय?

पण ताई उभीच. वाट बघत. तिला वाटलं, रीत माहिती नसेल. स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवला, असं घ्या, असं. फिंटनराव हसले, "ग्रँड", आणि हात जागचा हलला नाही. मग ताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "यांना आवडलं नाही वाटतं रे." आणि खाली बसली. तुम्हाला सांगतो, अख्ख्या शाळेला दरारा असलेली बाई, ती त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत एवढीशी झाली. तनया वाचली, तिची लाज वाचली, पण तीसुद्धा आत्याकडे बघून नखं खायला लागली. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण मी काय बोलणार? माझं काही म्हणणं नाही असं जन्मभर म्हणत आलेला माणूस आयत्या वेळी काय म्हणणार?

आणि नेमका तेव्हाच दार उघडून आला हाउसमायस्टर! हेर हेफेले, म्हणजे श्रीयुत हेफेले. हॉलची किल्ली, हॉलचा कचरा, हॉलचं पार्किंग, सगळं त्याच्या हातात, आणि बावीस वर्षांत त्या माणसाच्या तोंडावर हसू म्हणून मी पाहिलेलं नाही. पुठ्ठ्याच्या डब्यात कागद टाकला नाही म्हणून चिठ्ठ्या लिहिणारा. दारात उभा राहून ओरडला, "ते इंग्लिश गाडीवाले कोण? स्टिअरिंग उजवीकडे आहे ती! फायर ब्रिगेडच्या जागेत लावली आहे! त्या इंग्लिश साहेबांनी ताबडतोब हलवावी!"

जर्मन होतं सगळं, पण 'एंग्लिश' कळायला भाषा लागते का? विहीणबाईंनी डोळे मिटले. कॉर्मॅक म्हणाला, "बाबा, राहू द्या, मी जातो."

फिंटनराव उठले. शांतपणे. साडेसहा फूट. मांडीवरची घडी हातात धरली, एकदा झटकली, आणि घेतलं की हो गळ्यात! इकडे एक टोक, तिकडे एक टोक, दोन्ही टोकं ओढून नीट केली, कोटाचं बटण लावलं, आणि चालत गेले हेफेलेच्या पुढ्यात. नुसते उभे राहिले, छाती काढून, बघ म्हणून.

ताई लगबगीनं हेफेलेच्या शेजारी जाऊन उभी, समोरून बघायला, डोळ्यांत पाणी! "घेतलं रे, घेतलं अंगावर!"

आता हेफेले फुटबॉलचा किडा. जगातले सगळे झेंडे पाठ, त्याच्या ऑफिसात स्टिकरचा अल्बम आहे. त्यानं निरखून बघितलं. डावीकडून उजवीकडे बघितलं. आणि एकदम आदरानं म्हणाला, "आख सो! आयव्हरी कोस्ट!"

कारण घातलं होतं उलटं! केशरी इकडे, हिरवा तिकडे, आणि तो झेंडा म्हणे आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टचा! मला काय माहीत? ताईला काय माहीत? फिंटनरावांनी खाली बघितलं, त्यांच्या लक्षात आलं, कान लाल झाले, कॉर्मॅकचे होतात तस्से! पण आता काढून उलटं घालायचं म्हणजे शोभा. ते तसेच वळले आणि बाजूच्या दारानं गाडीकडे निघाले. वळले मात्र, ताई किंचाळली, "अगो बाई! चक्र!!"

मानेमागे, पांढऱ्या भागावर, मधोमध, निळ्या रेशमाचं, चोवीस आरे! त्या विणकरानं काढलं होतंच! एवढा झापला तरी काढलं होतं, भल्या मनानं, आणि घडीच्या आत असं ठेवलं होतं की तीस वर्षं झेंडावंदन केलेल्या बाईला दिसलं नाही! ताई कपाळाला हात लावून म्हणते, "हे चालत नाही रे, हे अजिबात चालत नाही..." आणि हेफेले मागून आनंदानं ओरडतोय, "मोमेंट! नाही, नाही! इंडिएन! तुम्ही इंडियाचे!"

फिंटनराव थांबले. मागे वळून हेफेलेकडे बघितलं, मग ताईकडे बघितलं. ती रडतेय का हसतेय ते तिलाच कळत नव्हतं. आणि त्या माणसानं दोन दिवसांतलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं. "येस. आज दुपारी चार वाजल्यापासून."

तनया अशी हसली म्हणता, पोटात कळ येईपर्यंत, आणि हसता हसता आत्याच्या गळ्यात पडली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "आत्या, लग्नाला पण हेच!" विहीणबाईंनी घेतलं, कॉर्मॅकनं घेतलं, सरळ-उलट कोणी बघितलं नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सगळे गाडी बघायला बाहेर. दारात राहिलो मी आणि हेफेले. तो खुशीत होता, एक देश बरोबर ओळखला म्हणून. माझ्याकडे बघितलं. माझ्या करड्या शर्टाकडे बघितलं. म्हणाला, "हे गृहस्थ इंडियाचे. कळलं. मग तुम्ही कुठले?"

म्हटलं, "मी जर्मन."

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांत जो माणूस हसला नव्हता ना... खांब धरून हसला! डोळे पुसले, माझ्या पाठीवर थाप मारली, "गूट! सेर गूट!" म्हणजे छान, फारच छान, म्हणाला, आणि हसत हसत निघून गेला. पासपोर्ट खिशातच होता माझ्या.

असू दे. ग्रँड. माझं काही म्हणणं नाही.