चौथ्या स्थानाची एकच ओळ

मोठी माणसं मला फारशी पटत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. पण एलिझामावशीपुढे मी कान पकडतो.

बारावी सोडून मी भाईंदरला टायपिंगच्या दुकानात बसायचो, तेव्हाची गोष्ट. मावशी उत्तनची, मासे विकायची. गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेवर चालताना गायची कडवी तिने लिहून आणली होती. चौदा स्थानं, म्हणजे येशूने क्रूस वाहून नेला त्या वाटेवरचे थांबे; प्रत्येकाला चार ओळी. फक्त चौथ्याला, जिथे क्रूस वाहणाऱ्या येशूला आई भेटते, तिथे एकच ओळ: "आई आली, उभी राहिली."

सोबत चर्च कमिटीचे मास्तर. आयुष्यभर पोरांच्या वह्या लाल केल्या, रिटायर झाले तरी खाज जात नव्हती. म्हणाले, "इथे तीन ओळी कमी आहेत. मी घालतो. हे करुणासागरा..."

मावशी म्हणाली, "मास्तर, तितं गप चालायचं हाय. तुमचा सागर घालनार असाल तर माजा कागद परत द्या. चौदाच्या चौदा."

मास्तर माझ्यावर डाफरले, "तू टाइप कर रे, मी सांगतो तसं."

मी मावशीचंच टाइप केलं आणि तेच छापलं.

गुड फ्रायडेला ती ओळ गाऊन झाली आणि अख्खी मिरवणूक गप्प झाली. नुसत्या चपला वाजत होत्या.

नंतर मी विचारलं, "मावशी, खरं सांग, त्या तीन ओळी सुचल्याच नव्हत्या ना?"

"सुचल्या व्हत्या रे. लय भारी व्हत्या. लोक त्या आईला सोडून माजंच कवतिक करत बसले असते. म्हनून फाडल्या."